निक्रोमची तार ओढली तर रेझिस्टन्स हिशेबापेक्षा कमी, राखेत पुरली तर जास्त. काहून?

वाइंडिंगवाला_दारव्हा

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूले माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. खरं काम विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरींचं, पण थंडी पडली की लोकं शेगड्या, इस्त्र्या, पाण्यात टाकायचे रॉड घेऊन येतात. त्यातल्याच एका शेगडीनं डोकं खाल्लं, म्हणून विचारून रायलो.

एका आजीले 500 वॅटची कॉइलवाली शेगडी पाहिजे होती. घरची वायरिंग जुनी, हजारची लावली की फ्यूज जाते. माझ्याजवळ निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार होती 26 गेजची. 230 व्होल्टवर 500 वॅटले 106 ओहम लागतात, म्हणजे 26 गेजची सोळा मीटर तार, अन् तेवढी कॉइल त्या मातीच्या प्लेटीच्या खाचेत मावत नाही. 28 गेज आणाले यवतमाळले कोण जाते? बाजूले सोनाराचं दुकान आहे. त्याच्याजवळ तार बारीक करायची भोकावाली पोलादी पट्टी असते, मेण लावून एकेका भोकातून तार ओढत नेतात. म्हटलं आपली पण ओढून पाहू. सोनार कुरकुरला (म्हणे पट्टी सोन्याचांदीसाठी आहे, तुझ्या शेगडीसाठी नाही), पण ओढून दिली.

ओढायच्या आधी लांबी 7.5 मीटर, रेझिस्टन्स 49.8 ओहम.
ओढल्यावर लांबी 11.1 मीटर, रेझिस्टन्स 106.0 ओहम.

500 वॅटले बरोब्बर. पण तार भलतीच कडक झाली, सळईवर गुंडाळली की उसळून उलगडे. तांबं नरम करतो तशी हिले पण करू म्हणून रात्री चुलीच्या निखाऱ्यात पुरली, वरून राख लोटली, सकाळी काढली. नरम तर काही झाली नाही. पण मीटर लावला तर 111.9 ओहम!

लांबी तेवढीच, जाडी तेवढीच. आयटीआयमध्ये शिकवलं होतं की धातू ठोकला, ओढला की रेझिस्टन्स वाढते अन् तापवून थंड केला की कमी होते. इथं ओढली तेव्हा गडबड नाही अन् तापवली तर वाढला. दुसऱ्या मीटरवरही तेच. काहून झालं असन?

खांबावरचा_भाऊ

पहिली शंका उन्हाची. आदल्या दिवशी दुपारी मोजली अन् नंतर सकाळी मोजली, असं तर नाही ना? तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण 0.39 टक्के वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे 28 अन् दुपारी 44 असते, म्हणजे नुसत्या उन्हानं सहा टक्क्यांच्या वर फरक पडला.

दुसरी शंका, तार निक्रोमच आहे का? दुकानदार कँथल पण निक्रोम म्हणूनच देतात. चुंबक लावून पाहा. कँथलमध्ये लोखंड जास्त, ते चिकटते.

वाइंडिंगवाला_दारव्हा

चुंबक चिकटत नाही भाऊ. अन् आता थंडी आहे, उन्हाचा काय संबंध. बरं सकाळी तर गार होती, मग कमी दाखवाले पाहिजे होता.

मास्तर_आर्वी

कँथल नाही, ते तुमच्या पहिल्याच आकड्यावरून कळते. 26 गेज म्हणजे 0.457 मिमी, क्षेत्रफळ 0.164 चौरस मिमी. 49.8 ओहम, 7.5 मीटर. यातून रोधकता, म्हणजे लांबी-जाडी बाजूला ठेवून धातूचा स्वतःचा रोध (रेझिस्टन्स), निघते 1.09. एकक घ्या ओहम गुणिले चौरस मिमी भागिले मीटर, पुढे सगळीकडे तेच धरा. 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियमच्या निक्रोमची हीच. कँथल असती तर 1.4 च्या आसपास आली असती. आणि निक्रोमवर उन्हाचा परिणाम जवळपास नाहीच, अंशाला 0.01 टक्का. खांबावरच्या भाऊंनी सांगितलं ते तांब्यासाठी शंभर टक्के खरं आहे, तांबं मोजणाऱ्यानं ते भिंतीवर लिहून ठेवावं.

मी आर्वीला बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, आता घरी बसून लोकांच्या शेगड्यांवर मतं देतो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही लांबी लिहिली आहे. लोक जाडी लिहितात, आणि तुमच्या ओढलेल्या 0.376 मिमीच्या तारेवर मायक्रोमीटरची एक रेघ चुकली की क्षेत्रफळात पाच टक्क्यांची चूक येते. लांबीचं तसं नाही. तार ओढताना धातू कुठं जात नाही, घनफळ तेवढंच राहते. लांबी दीडपट झाली तर क्षेत्रफळ दीडपटीनं कमी, म्हणून रेझिस्टन्स लांबीच्या वर्गानं वाढते. तुमची लांबी 1.48 पट झाली. वर्ग 2.19. 49.8 गुणिले 2.19 म्हणजे 109.1 ओहम यायला हवे होते. आले 106.0.

म्हणजे ओढल्यावरच तुमचा रेझिस्टन्स हिशेबापेक्षा सुमारे 3 टक्के कमी झाला होता! तुम्हाला 106 पाहिजे होते आणि 106 आले, म्हणून ते नजरेत भरलं नाही. टेप पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाला असेल, तार भोकात घालायला टोक घासलं-कापलं असेल, ते धरून 1 टक्का सोडा. तरी 2 टक्के उरतात. राखेनंतरचं तर त्याहून पक्कं आहे, कारण तीच तार, तीच लांबी: 106.0 चे 111.9, साडेपाच टक्के वाढ. आकार बदललाच नाही तर बदलली ती धातूची रोधकताच.

आता आयटीआयमध्ये शिकवलेलं. ते तांब्यासाठी, ॲल्युमिनियमसाठी बरोबर आहे. कपाशीचे तास सरळ असले की डवरा न अडता निघून जातो, तास वाकडे झाले की दर चार पावलांना अडतो. तांब्यात अणूंच्या रांगा सरळ असतात, इलेक्ट्रॉन बिनअडथळा जातात. ठोकलं, ओढलं की रांगा मोडतात, मध्येमध्ये अणूंच्या जागा रिकाम्या पडतात, इलेक्ट्रॉन अडखळतात. पण हे अडखळणं किती? 1913 मध्ये नरम तांब्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, रोधकता 0.01724. त्याला 100 टक्के वाहकता म्हणायचं. ओढून कडक केलेली तांब्याची तार त्या मापानं 97 टक्क्यांच्या आसपास भरते. एवढाच फरक! दोन-तीन टक्के. त्यासाठी सगळी मारपीट.

आणि मजा अशी की हा फरक एका ठरावीक रकमेसारखा येतो. मॅथिसन नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं 1860 च्या दशकात सांगून ठेवलं की धातूचा रोध दोन भागांची बेरीज असते: एक भाग उष्णतेचा, तापमानाबरोबर कमीजास्त होणारा, आणि दुसरा भेसळीचा नि बिघाडाचा, तापमानाला फारसा न जुमानणारा. म्हणूनच कडक तार उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनात बुडवली की उष्णतेचा भाग आठव्या हिश्श्यावर येतो आणि ओढल्याची जखम उठून दिसते. साध्या तापमानाला ती झाकलेली असते.

आता ही रक्कम निक्रोमला लावा. तांब्यात ओढण्यानं भर पडते समजा 0.0004. तांब्याच्या 0.017 मध्ये ती दोन टक्के. निक्रोमच्या 1.09 मध्ये? एका टक्क्याचा पंचविसावा हिस्सा. तुमच्या मीटरला दिसणारच नाही. निक्रोममध्ये निकेलच्या जाळीत दर पाचवा अणू क्रोमियमचा घुसलेला, रांगा आधीच विस्कटलेल्या, म्हणून तर तिचा रोध तांब्याच्या 60 पटींहून जास्त. विस्कटलेल्या घरात अजून दोन भांडी पडली तर कोणाला कळते. मिश्रधातू ओढला की बिघाडामुळं रोध वाढते, हे बोलायला खरं, पण मोजायला शून्य.

मग जे 3 टक्के नि साडेपाच टक्के दिसले ते कशाचे? ते अणूंच्या शेजाराचे. निक्रोम 400 ते 600 अंशांच्या पट्ट्यात सावकाश थंड होऊ दिली की निकेल आणि क्रोमियमचे अणू छोट्या छोट्या टप्प्यात आपापला आवडता शेजार पकडून बसतात. पूर्ण जाळीत शिस्त नाही येत, पण गल्लीगल्लीत येते. या शेजारानं निक्रोमचा रोध वाढते. 1951 मध्ये थॉमस या जर्मन संशोधकानं याला नाव दिलं 'के-स्थिती'. आणि तार ओढली, ठोकली, वाकवली की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, शेजार तुटतो, रोध खाली येतो. तुमच्या सोनारानं शेजार मोडला, तुमच्या चुलीनं परत जुळवला. निखारे रात्रभर राखेखाली हळूहळू विझत गेले, याहून सावकाश थंड करणं प्रयोगशाळेतही मुद्दाम करावं लागते.

नरम का नाही झाली तेही यातच आहे. तांबं तेवढ्या तापात पार नरम पडते, निक्रोमला नरम व्हायला लालभडक व्हावं लागते, राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यांचा ताप तिला पुरला नाही. अणू शेजार बदलण्याइतके हलले, पण मोडलेल्या रांगा नव्यानं उभ्या करण्याइतके नाही.

वाइंडिंगवाला_दारव्हा

सर, मले निम्मं समजलं अन् निम्मं जेवल्यावर परत वाचतो. पण एक सांगा, शिस्त आली तर रेझिस्टन्स कमी व्हाले पाहिजे ना? वाढला काहून?

मास्तर_आर्वी

बरोबर पकडलं. बहुतेक मिश्रधातूंत कमीच होतो. तुमच्या सोनाराकडचंच उदाहरण घ्या. सोनं आणि तांबं. तांब्याच्या तीन अणूंमागे सोन्याचा एक अणू असं मिश्रण सावकाश थंड केलं की अणू जाळीभर नेमानं बसतात आणि रोध निम्म्याहून खाली येतो. ते ठोकलं की नेम मोडतो, रोध चढतो. सोनाराला विचारा, तांब्याची मिसळ जास्त असलेलं लालसर सोनं तापवून लगेच पाण्यात का बुडवतो. हवेत हळूहळू थंड होऊ दिलं तर अणू नेमानं बसायला लागतात आणि दागिना कडक, ठिसूळ होतो, म्हणून. रोध त्याच्या गावीही नसेल, पण गोष्ट तीच.

निकेल-क्रोमियममध्ये उलटं होते कारण हे दोघंही अर्धवट भरलेल्या कक्षांचे धातू. कोण कोणाच्या शेजारी बसला यावर वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं किती विखुरणं होईल ते ठरते, आणि इथं जवळचा नेम ते विखुरणं वाढवतो. लोखंड-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंतही के-स्थिती दिसते. म्हणून "ओढल्यानं मिश्रधातूचा रोध वाढते की कमी होते" याला एक उत्तर नाही. आधी कोणता मिश्रधातू ते सांगा, मग ओढायच्या आधी तो कसा थंड केला होता ते सांगा.

पडताळा पाहायचा असेल तर कॉइल प्लेटीच्या बाहेर, मोकळ्या हवेत टांगून लाल करा आणि करंट एकदम बंद करा. बारीक तार काही सेकंदांत 400 च्या खाली येईल, अणूंना शेजार शोधायला वेळच मिळणार नाही. पूर्ण गार झाल्यावर मोजा. प्लेटीत ठेवून करू नका, तापलेली माती तार हळू थंड करते.

खांबावरचा_भाऊ

टांगून लाल करताना उघडी कॉइल आहे हे विसरू नका. पोरंसोरं बाजूला, पायाखाली कोरडी फळी, अन् प्लग पिनेतून काढल्याशिवाय मीटरचा दांडा लावाचा नाही. नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नका, खेड्यात निम्म्या ठिकाणी स्विच न्यूट्रलवर असते.

वाइंडिंगवाला_दारव्हा

केलं. दोन विटांवर टांगून लाल केली, प्लग ओढला, चहा होईपर्यंत गार झाली. 107.6 ओहम! अन् आता तार नरम पण आहे, बोटानं वळते. मग त्याच रात्री पुन्हा निखाऱ्यात पुरली. सकाळी 111.8. म्हणजे ही तर आपल्या हातातली गोष्ट झाली.

मास्तर_आर्वी

वा. आता तुमचेच आकडे पाहा. कडक होती तेव्हा 106, नरम झाली तेव्हा 107.6, आणि राखेतून कडक निघो की नरम, दोन्ही वेळा 112 च्या जवळ. कडकपणाचा आणि रोधाचा निक्रोममध्ये काही मेळ नाही. तांब्यात तरी काय, कमी तापात तापवलं तर आधी रिकाम्या जागा भरून निघतात आणि रोध उतरायला लागतो, कडकपणा मात्र तसाच राहतो. तो जातो पुढच्या तापात, नव्या रांगा उभ्या राहिल्यावर. भंडाऱ्याकडचे कासार पितळेचं भांडं ठोकता ठोकता मध्येच लाल करून घेतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. पहिल्या टप्प्याशी त्यांना घेणं नाही, तो फक्त मीटरवाल्यांना दिसते.

आजीच्या शेगडीचं म्हणाल तर 106 वर 499 वॅट, 111.9 वर 473. रोज लाल होऊन प्लेटीत थंड होणारी कॉइल या दोन्हींच्या मध्ये कुठं तरी बसेल. तुमच्या गावात संध्याकाळी 180 व्होल्ट मिळत असतील तर कोणतीही कॉइल लावा, वॅट चाळीस टक्क्यांनी कमीच. दुधाला त्याचा जास्त फरक पडेल.

बारावी_सायन्स_पुलगाव

सर, मग "तार ताणून दुप्पट लांब केली तर रोध किती" याचं उत्तर चौपट लिहायचं की नाही? आमच्या क्लासमध्ये चौपटच सांगितलं.

मास्तर_आर्वी

चौपट लिही आणि पुढच्या प्रश्नाकडे जा. प्रश्नात रोधकता कायम धरलेली असते. तांब्यासाठी दोन-तीन टक्के सोडले तर ते खरंही आहे. पेपरात के-स्थिती लिहू नको, तपासणारा मार्क कापेल.

पण तुला पुढं इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हे लक्षात ठेव. 1856 मध्ये केल्विननं तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून रोध मोजले. दोन्हींत वाढला, पण लोखंडात जास्त. दोन्ही सारख्याच ताणल्या तर आकारामुळं होणारी वाढ सारखीच यायला हवी, म्हणजे फरक धातूच्या आतला. पुलावर, धरणाच्या दारावर चिकटवतात ते स्ट्रेन गेज (ताण मोजायच्या पट्ट्या) याच गोष्टीवर चालतात. त्यात बहुधा कॉन्स्टंटन वापरतात, तांबं-निकेलचा मिश्रधातू. लांबी 1 टक्का वाढली की रोध साधारण 2 टक्के वाढते, आणि तापमानानं जवळपास बदलत नाही. तार परत पूर्ववत होईल इतपतच ताणली तरी गुणक 2 च्या आसपास आणि कायमची ताणली गेली तरी 2 च्या आसपास, हा त्याचा मोठा गुण. मँगॅनिन, हाही तांब्याचाच मिश्रधातू, दुसऱ्या कामाचं. त्याचे प्रमाण रोध (ज्यांच्याशी बाकीचे ताडून पाहतात ते पक्के रेझिस्टन्स) करताना तार गुंडाळल्यावर ती 140 अंशांच्या आसपास बराच वेळ तापवून ठेवतात, कारण गुंडाळताना पडलेला ताण नाहीतर वर्षानुवर्षं हळूहळू सुटत राहतो आणि रोध सरकत जातो.

नवा_वायरमन_आर्णी

वाइंडिंगवाले भाऊ, मग जळालेल्या मोटरीची तार सरळ करून पुन्हा भरतात त्याचं काय? आमच्याकडं म्हणतात ताणलेल्या तारेनं मोटर गरम होते. खरं आहे का?

वाइंडिंगवाला_दारव्हा

याचं उत्तर मी देतो, सरांले शेगडीतून थोडं सुटू द्या. तार सरळ कराले खुंटीले बांधून ओढली अन् ती तीन टक्के लांब झाली, तर रेझिस्टन्स सहा टक्के वाढला. सरांचा लांबीच्या वर्गाचा हिशेब. वरून ओढल्याचा कडकपणा असन तर एखादा टक्का, तेवढी ओढ काही जास्त नाही. सहा टक्क्यांनी पाच एचपीची मोटर जळत नाही, थोडी गरम चालते.

जुनी तार मी भरत नाही, त्याचं कारण दुसरं आहे. ओढताना, वाकवताना वार्निशले बारीक तडे जातात, डोळ्याले दिसत नाही, अन् दोन वेढे आतून चिकटले की तिथंच शॉर्ट. अन् त्याच्याहून वाईट म्हणजे जुनी तार सुटत नाही म्हणून काही जण पूर्ण स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग, पत्र्यांच्या थरांची कोर) पऱ्हाटीच्या जाळात टाकतात. तार मोकळी होते, पण पत्र्यांच्या मधातलं इन्सुलेशन जळते. मग तुमी शंभर नंबरी नवं तांबं भरा, कोर रिकामीच गरम होत रायते. मी पंख्याच्या बाजूनं वेढे छिन्नीनं कापतो, तार नरम पडण्यापुरता गरम हवेचा ब्लोअर मारतो अन् दुसऱ्या बाजूनं ओढून काढतो. वेळ जास्त लागते, म्हणून माझ्याकडं बिल दोनशे रुपये जास्त आहे.